कसं आणि कायले

यंदा पऱ्हाटी लवकर फुटली. कपाशीला आमच्याकडे पऱ्हाटी म्हणतात. परवा घरामागच्या वावरात चार-दोन बोंडं उघडलेली दिसली होती, आज सकाळी पाहते तर धुऱ्याकडची, म्हणजे बांधाकडची, सगळी बाजू पांढरी. गुडघे आता मला वावरात जाऊ देत नाहीत. मी ओट्यावर बसते आणि बोटं मांडीवर आपोआप चालायला लागतात. बोंड धरायचं, तीन बोटांनी कापूस ओढायचा, वाळला पाला लागू न देता पोटाशी बांधलेल्या धुडक्यात टाकायचा. इतकी वर्षं केलं की ते डोक्यात राहत नाही, बोटांत राहतं.

आयुष्यात वेचण्या किती केल्या ते मला सांगता येणार नाही. एका धुडक्यातला कापूस दुसऱ्यात ओतला की वेगळा काढता येत नाही, तशा त्या मिसळून गेल्या आहेत. एकच वेचणी वेगळी राहिली. गुलाबी अळीच्या सालची. लोकांना ते साल अळीमुळे आठवतं. मला इंग्रजीमुळे आठवतं.

मी चौथी शिकलेली. आमच्या गुरुजींनाच इंग्रजी येत नव्हतं, आम्हाला कुठून येणार. मराठी मात्र वाचता येतं, बोट ठेवून. डोळे शाबूत होते तोवर मी किराण्याच्या पुडीचा कागदही वाचल्याशिवाय फेकला नाही. कोणाच्या लग्नाची पत्रिका असायची, कधी अर्धी बातमी. अर्ध्या बातमीचं पुढं काय झालं असेल, याचा मी दोन-दोन दिवस विचार करायची. ही सवय चांगली की वाईट ते माहीत नाही. आहे.

त्या साली माझ्या सुनेला घरात येऊन दोन दिवाळ्या झाल्या होत्या. रंजना तिचं नाव, आम्ही रंजू म्हणतो. दहावीचे बाकी सगळे विषय तिचे सुटले होते, इंग्रजी तेवढं दोनदा गेलं. दुसऱ्यांदा गेल्यावर बापानं लग्न लावून दिलं. आमच्या घरी आली तेव्हा तिच्या पेटीत चार साड्या आणि खाली एक वही होती. वही मी पहिल्याच आठवड्यात पाहिली होती. सासू झाले म्हणून पाहिली, खोटं कशाला सांगू.

गावातल्या अंगणवाडीच्या बाई पुढच्या पावसाळ्यात घरी बसणार होत्या. त्यांच्या जागी गावातलीच सून घेणार, पण ती दहावी पास पाहिजे. हे कळल्यावर रंजू एक दिवस भाकरी थापता थापता मला म्हणाली की मी मार्चमध्ये इंग्रजीचा पेपर देते. विचारलं नाही, सांगितलं. मला ते आवडलंही नाही आणि आवडलंही. माझा मुलगा दिलीप तेव्हा दारव्ह्याच्या रस्त्यावर काळीपिवळी चालवायचा. त्यानं ऐकून घेतलं आणि एवढंच सांगितलं की ही शेवटची वेळ. या खेपेला गेलं तर त्या पुस्तकाचं नाव घरात काढायचं नाही. रंजूनं मान हलवली. म्हणजे अंगणवाडी, वही, पेटी, सगळं त्या एका पेपरावर येऊन बसलं.

गाईड कुठून आणायचं हा प्रश्न होता. दारव्ह्याच्या बाजारात मन्सूरभाई म्हणून एक फवारणीचे पंप दुरुस्त करायचे. आमचा पंप दर सालाला त्यांच्याच हाताखालून जायचा. त्यांची मुलगी दहावी होऊन पुढं गेली होती. मी बोलता बोलता सुनेचं सांगितलं, तर पुढच्या बाजाराला त्यांनी मुलीचं जुनं गाईड आणि तिची शब्दांची डिक्शनरी पंपासोबतच पिशवीत घालून दिली. गाईडाला ग्रीसचे डाग होते. मधल्या एका पानाचा कोपरा त्यांनी दुमडून ठेवला होता. त्या पानावर बोट ठेवून मला म्हणाले, “मावशी, बहूले सांगा, हे पान पक्कं कर. कसं केलं आन् कायके वास्ते केलं, येवढ्यातच सारी गाडी अटकते. माही पोरगी बी इथंच अटकलती.”

मी घरी येऊन तेच रंजूला सांगितलं. कसं केलं आणि कायले, म्हणजे कशासाठी, केलं. तिनं पान पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला. ती पण तिथंच अडकली होती, दोन्ही वेळा.

मला आश्चर्य वाटलं. कसं आणि कायले, हे तर दोन वर्षांचं लेकरू विचारतं. त्यात अडकण्यासारखं काय आहे?

वेचणी सुरू व्हायच्या आधी आम्ही सीतादही करतो. पहिला कापूस तोडायच्या दिवशी वावरात पाच दगड मांडायचे, हळदकुंकू लावायचं, दहीभात दाखवायचा, आणि मग तो दहीभात वावराच्या चारी बाजूंनी धुऱ्यावर शिंपडायचा. त्याशिवाय बोंडाला हात लावायचा नाही. त्या साली रंजू हातात दहीभाताचं भांडं घेऊन माझ्या मागं चालत होती. मध्येच तिनं विचारलं, “आई, हे धुऱ्यावर कायले शिंपडतात? मधात काहून नाही?”

मी म्हटलं, “शिंपडतात म्हणून शिंपडतात.”

माझ्या सासूनं मला हेच सांगितलं होतं. तिला तिच्या सासूनं सांगितलं असेल. उत्तर देऊन झाल्यावर मला वाटलं की हे काही उत्तर नाही. पण तोवर आम्ही चौथ्या कोपऱ्यावर पोचलो होतो आणि भांडं रिकामं झालं होतं.

वेचणीला लागलो तेव्हा अभ्यासाला वेळ कुठला. सकाळी दव सुकलं की वावरात, ते ऊन कलेपर्यंत. मग रंजूनंच युक्ती काढली. घरून निघताना गाईडातलं एक इंग्रजी वाक्य कागदाच्या चिठ्ठीवर लिहायचं, मराठी अक्षरांत, म्हणजे मलाही वाचता येईल. चिठ्ठी माझ्या कमरेला खोचलेली. एका ओळीला एक चिठ्ठी. ओळीच्या ह्या टोकाला मी चिठ्ठी वाचून दाखवायची, आणि त्या टोकाला पोचेपर्यंत तिनं तसलीच पाच वाक्यं करायची. मी तिची मास्तरीण झाले. मला एक अक्षर कळत नव्हतं, पण वाक्यं पाच झाली का चार, एवढं कळत होतं, आणि ती अडखळली की तेही कळत होतं.

आमच्या दोन्ही बाजूंच्या ओळींत गावातल्या बाया असायच्या. शेवंता माझ्या लगतची. माझ्याच वयाची, एकाच साली दोघी सुना होऊन या गावात आलो. तिच्या जिभेला हाड नाही. पहिल्या दिवशी मी चिठ्ठी वाचली, “ही वॉक्ड स्लोली सो अ‍ॅज नॉट टू वेक द बेबी.” रंजूनं अर्थ सांगितला की बाळ उठू नये अशा बेतानं तो हळू चालला.

शेवंता बोंडावरचा हात थांबवून म्हणाली, “असा माणूस कोणत्या गावचा, ते लिहिलं हाय काय त्यात?”

पलीकडच्या ओळीतल्या बाया हसायला लागल्या. मीही हसले. आमच्याकडचे पुरुष घरात येतात ते रस्त्यावरूनच हाक मारत येतात. चपला धाडकन, पिशवी धाडकन. दिलीप तर काळीपिवळीत लोकांना बोलावून बोलावून असा झाला होता की घरातही दारव्हा-दारव्हा ओरडल्यासारखंच बोलायचा. बाळ असो की म्हातारं, कोणी झोपलं आहे हे त्यांना झोपलेलं माणूस उठून बसल्यावर कळतं.

पण ते वाक्य मला आवडलं. हळू चालला एवढं सांगून ते थांबत नाही. कसा चालला ते सांगतं आणि कशासाठी तेही सांगतं. मी आयुष्यभर माणसं चालताना पाहिली, पण ती तशी कशासाठी चालत असतील याचा विचार केला नव्हता. त्या दिवसापासून मला तो नाद लागला. शेवंता उजवा पाय ओढत चालते ते तिच्या पायाला काटा लागला म्हणून. हे झालं कारण. पण सरपंचाच्या घरासमोरून जाताना ती पाय जास्त ओढते. ते कशासाठी?

दुसरी एक चिठ्ठी होती, अ‍ॅज इफ ची. म्हणजे तसं नाही, पण तसं असल्यासारखं. ती अशी बोलते की जणू तिला सगळं माहीत आहे. हे मी मोठ्यानं वाचलं, रंजूनं अर्थ सांगितला, आणि शेवंता हातातलं बोंड तसंच धरून माझ्याकडे पाहत राहिली. त्या ओळीला आमच्या बाजूला कापूस कमी निघाला.

तसा तो कमीच निघत होता. ते साल तसलंच होतं. दुरून वावर पांढरं दिसायचं, जवळ गेलं की बोंड अर्धंच उघडलेलं. आत कापूस पिवळट, गाठ होऊन चिकटलेला. त्याला आम्ही कवडी म्हणतो. बोटानं ओढलं तर तुटायचा, निघायचा नाही. बोंड फोडून पाहिलं की आत ती. लहानशी, गुलाबी, लेकरांच्या खाऊसारखी दिसणारी अळी. आम्हाला सांगितलं होतं की या बियाण्याला अळी लागतच नाही. ती आरामात बसलेली असायची, जणू बियाणं तिनंच निवडून आणलं होतं.

गाड्या घेऊन साहेब लोकही अळी पाहायला आले. त्यांनी बांधावर उभं राहून विचारलं. फवारणी कशी करता, पाणी कसं देता, बोंडं कशी गोळा करता. सगळं कसं, कसं. रंजू माझ्या मागं उभी होती. ते गेल्यावर हळूच म्हणाली की आई, यांच्या पेपरात अर्धाच प्रश्न आला. मला हसू आलं. ती असं काही बोलू शकते हे मला त्या दिवशी कळलं.

मध्येच एकदा चिठ्ठीवर वाक्य अर्धं होतं. “शी पिक्स कॉटन इन ऑर्डर टू”, आणि पुढं रेघ. म्हणजे ती कापूस वेचते, कशासाठी, ते भरा. रंजू म्हणाली की हे गाईडातलं नाही, मी केलं आहे, तुम्ही सगळ्या भरा, मी इंग्रजीत करते.

शेवंता लगेच म्हणाली, “घरी बसून सासूचं तोंड पाहाले लागू नये म्हणून.” तिची सासू मरून कितीतरी वर्षं झाली होती. रंजूनं खरंच त्याचं इंग्रजी करून दाखवलं. शेवंताला ते इतकं आवडलं की तिनं तीनदा म्हणून घेतलं आणि दिवसभर कोणालाही ऐकवत राहिली.

मग रंजूनं मला विचारलं. मी म्हटलं, “बोंड फुटलं म्हणून.”

“आई, हे कारण झालं,” ती म्हणाली. “मी हेतू विचारून राह्यली.”

मी ओळ संपेपर्यंत विचार केला. पुढची ओळही केला. मला उत्तर येईना. मी माझं सगळं आयुष्य चाळून पाहिलं, गहू चाळावा तसं. पाऊस आला म्हणून पेरलं. लेकरू रडलं म्हणून उठले. बापानं ठरवलं म्हणून लग्न केलं. नवरा गेला म्हणून धुरा सांभाळला. प्रत्येक ठिकाणी मागून कोणीतरी ढकललेलं होतं. ह्या इंग्रजी वाक्यातल्या माणसांना मात्र पुढून कोणीतरी ओढत असतं. ते सकाळी फिरायला जातात ते तब्येत चांगली राहावी यासाठी. पुस्तक वाचतात ते ज्ञान वाढावं यासाठी. नुसतं ओट्यावर बसून राहिलेलं माणूस त्या गाईडात मला एकही सापडलं नाही. मला वाटलं, हे लोक थकत कसे नाहीत. आणि असंही वाटलं की रंजूला जे पान दोनदा नडलं ते का नडलं असेल ते आता कळतं. तिला तरी कोणी कधी कायले म्हणून विचारलं होतं?

ती रेघ मी रिकामीच ठेवली.

दोन वेचण्यांच्या मधल्या दिवसांत वावरात जायचं नव्हतं, तेव्हा एके दुपारी मी तिची वही उघडली. पहिल्यांदा पाहिली होती तशी चोरून नाही. ती पाणी भरायला गेली होती आणि वही समोर पडली होती. ओळीत केलेली वाक्यं ती घरी येऊन लिहून ठेवायची, वर इंग्रजी, खाली बारीक मराठी. मी मराठी वाचत गेले, बोट ठेवून. सासू रागावू नये म्हणून ती हळू बोलते. आवाज होऊ नये म्हणून ती झाकण पदरानं धरून ठेवते. सासूला ऐकू जाऊ नये म्हणून ती तोंड दाबून हसते. दिसू नये म्हणून ती पुस्तक पिठाच्या डब्यामागं ठेवते. दिवसा झोप आली तरी ती झोपत नाही, सासूनं पाहू नये म्हणून. पान भरलं होतं. सगळी वाक्यं त्या बाळाच्या वाक्यासारखी, काहीतरी होऊ नये या बेताची.

मला रडू वगैरे आलं नाही. मी वही होती तशी ठेवली. ती घागर उतरवून आत आली तेव्हा मी विचारलं, “सासूले इंग्रजीत काय म्हणतात?”

ती जागच्या जागी उभी राहिली. मग म्हणाली, “मदर-इन-लॉ.”

“लंबा शब्द आहे,” मी म्हटलं. “पेपरात इतक्या वेळा लिहिशीन तं वेळ पुरायचा नाही. दुसरं काही लिही.”

त्यानंतर तिनं काय लिहिलं ते मी पाहिलं नाही. माझा स्वभाव बदलला असंही नाही, या वयात कोणाचा बदलतो? पण दुसऱ्या दिवसापासून मी दुपारी घरात बसणं सोडलं. ओट्यावर येऊन बसायची. शेवंतानं विचारलं तर सांगितलं की आत गरम होतं. ते दिवस थंडीचे होते.

संक्रांत जवळ आली तसं गाईड संपत आलं. रंजूला आता नवी वाक्यं पाहिजे होती. घरात इंग्रजी लिहिलेलं आणखी काय होतं? आगपेटी, साबणाचा कागद, आणि बियाण्याच्या पुडीतून निघालेलं घडीचं पत्रक. ते मी सुईदोऱ्याच्या डब्याच्या तळाशी अंथरलं होतं. त्यावर मुंगीएवढ्या अक्षरांत चार-पाच भाषा होत्या. मराठीही होतं. मराठी मी जूनमध्येच वाचलं होतं, मी कागद सोडते का. लिहिलं होतं की सोबतच्या लहान पुडीतील बियाणे मुख्य पिकाभोवती पाच ओळींत आश्रयी पीक म्हणून पेरावे. पेरावे, बस. आश्रय कोणाला द्यायचा, कोण पाहुणा येणार आहे, ते काही नव्हतं, म्हणून मी ते मनावर घेतलं नाही.

ही लहान पुडी म्हणजे काय ते सांगते. तेव्हा बियाण्याच्या मोठ्या पुडीत एक लहान पुडी वेगळी यायची. ती कशाची हे दुकानदारानं सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. पेरल्यावर काही ठिकाणी बी उगवत नाही, मध्येच मोकळी जागा राहते, तिला आम्ही खाडा म्हणतो. मी पहिल्याच साली ठरवून टाकलं की लहान पुडी खाडे भरायला आहे. कंपनी हुशार आहे, खाड्याचं बी आधीच देते. मी हे शेवंताला सांगितलं, शेवंतानं गावाला. गावात ज्यांनी लहान पुडी उकिरड्यावर फेकली नाही त्यांनी माझं ऐकून खाडे भरले. कितीतरी सालं. मी बोललेच अशी होते, जणू मला सगळं माहीत आहे.

रंजूनं ते पत्रक चार दिवस धरलं. डिक्शनरी एका गुडघ्यावर, पत्रक दुसऱ्या गुडघ्यावर. पाचव्या दिवशी वावरात चिठ्ठी निघाली तिच्यावर काहीच नव्हतं. ती म्हणाली की आज मी सांगते, तुम्ही ऐका. मराठीत जिथं नुसतं पेरावे होतं, तिथं इंग्रजीत पुढं इन ऑर्डर टू होतं, आणि त्याच्या पुढं अख्खं कारण. मोठ्या पुडीच्या झाडातच अळीचं औषध असतं. अळी खाते आणि मरते. पण एखादी मरत नाही. मरत नाही तिची औलाद ते विष पचवायला शिकते. भोवती साध्या बियाण्याची पऱ्हाटी असली तर तिथं साध्या अळ्या जगतात, आणि त्यांची न् यांची सोयरीक होते. मग विष पचवणारी औलाद वाढत नाही.

माझे हात थांबले. समोरच्या बोंडात एक बसलेलीच होती.

“म्हणजे ती पुडी अळीचा वाटा होती,” मी म्हटलं.

“तसंच काही,” रंजू म्हणाली.

“धुऱ्याच्या कडेकडेनं.”

“हो. चारी बाजूनं.”

दहीभात दोघींच्याही डोक्यात आला असणार. कशासाठी हे माहीत नसताना आम्ही दर सालाला धुऱ्यावर वाटा टाकत होतो, एकदाही चुकलो नाही. आणि ज्या वाट्याचं कशासाठी छापून आलं होतं, तो खाड्यात घातला. माझ्या सासूच्या सासूला अळीची सोयरीक माहीत होती असं मी म्हणणार नाही. तसं म्हणणाऱ्यांचा मला राग येतो. तिलाही शिंपडतात म्हणूनच माहीत असेल. पण ती शिंपडत होती.

एका लहान पुडीनं एवढी अळी आली असंही मी म्हणत नाही. ती सगळ्या मुलखात आली होती. पण माझ्या वाट्याची चूक माझी. मी त्याच ओळीत शेवंताला हाक मारून सांगितलं की खाड्याचं मी चुकीचं सांगितलं होतं. ती पुडी कशाची, ते रंजूनं सांगितलं होतं तसं सगळं सांगितलं. शेवंतानं ऐकून घेतलं. मग म्हणाली, “मंग इतके साल आपण अळीचं ताट आपल्याच पंगतीत वाढून राह्यलो काय व बाई?”

“हो,” मी म्हटलं.

“अन् हे तुह्या सुनेनं वाचलं.”

“हो.”

शेवंता रंजूकडे वळून म्हणाली, “पोरी, तू पास होय. मंग माह्याही घरचे कागद आणतो वाचाले.”

मार्चमध्ये पेपर झाला. दिलीपच तिला काळीपिवळीत दारव्ह्याला सोडून आला, सवारी भरून, तिला मागच्या सीटवर कोंबून. परत आल्यावर मी विचारलं, काय आलं होतं. ती म्हणाली की एखादं काम कसं आणि कशासाठी करतात ते स्वतःच्या शब्दांत लिहा असं आलं होतं, आणि तिनं पऱ्हाटीभोवतीच्या पाच ओळी लिहिल्या. तपासणाऱ्याला ते काय कळणार, असंही म्हणाली. मला तेच वाटत होतं. शहरातला कोणी मास्तर असेल, त्यानं लहान पुडी पाहिली नसेल. मी तिला तसं बोलले नाही. बोलायला नको तेच मी नेहमी बोलते, पण तेव्हा नाही बोलले.

उन्हाळा सरत आला. पऱ्हाटी उपटून झाली, वावर नांगरून काळं झालं. अंगणवाडीच्या बाईंनी जायची तारीख सांगून टाकली होती आणि गावात दुसऱ्या एका घराचं नाव सुरू झालं होतं. रंजूच्या हातून झाकणं पुन्हा आवाज न करता ठेवली जायला लागली होती.

निकालाच्या दिवशी सकाळी दिलीप बियाणं आणायला आणि निकाल काढून आणायला असा एकाच फेरीत दारव्ह्याला गेला. दुपार झाली. ऊन असं की कुत्रंही सावलीतून हलत नव्हतं. रंजू तुरीची डाळ पाखडत होती, आणि पाखडता पाखडता सूप बाजूला ठेवून तिथंच चटईवर आडवी झाली. माझ्या समोर. दिवसा. ती झोपली हे तिला कळलंही नसेल. या घरात आल्यापासून मी तिला उजेडात झोपलेलं पहिल्यांदा पाहत होते. झोपेत ती फार लहान दिसत होती. मी ओट्यावर गेले नाही, तिथंच बसून राहिले.

काळीपिवळीचा आवाज दूर कोपऱ्यावरच बंद झाला. दिलीप कधी तिथं गाडी लावत नाही. मग तो आला. हाक नाही. दारात थांबून त्यानं चपला हातानं काढल्या आणि भिंतीशी ठेवल्या. बियाण्याची पिशवी खांद्यावरून दोन्ही हातांनी खाली उतरवली, अशी की आतल्या पुड्यांचा आवाज होऊ नये. मग टाचा उचलून, चटईला वळसा घालून तो माझ्यापर्यंत आला.

मला वाटलं, गेलं. नापास झालेल्या घरातच माणूस असा येतो. तोंडावरून काही कळेना. त्यानं खिशातून घडीचा कागद काढून माझ्यापुढं धरला. सगळं इंग्रजी. मी त्याच्याकडे पाहिलं. त्यानं एका शब्दावर बोट ठेवलं आणि मान खालीवर हलवली. काठावर होती, पण होती.

मी रंजूला उठवायला हात पुढं केला. त्यानं माझा हात धरला.

“झोपू दे,” तो म्हणाला. इतक्या हळू की मला ओठांवरून वाचावं लागलं.

मग आम्ही मायलेक तसेच बसून राहिलो. मी काहीतरी करायचं म्हणून पिशवीतली एक पुडी घेऊन तिचं तोंड उघडलं. आत लहान पुडी होती. मी ती बाहेर काढून मांडीवर ठेवली. आता ती वेगळी येत नाही म्हणतात, मोठ्या पुडीतच मिसळून देतात. पेरणाऱ्याला कळायची गरजच ठेवली नाही. त्या दिवशी मात्र ती होती, माझ्या मांडीवर, तांदळाच्या पुरचुंडीएवढी.

पुडीच्या कागदाचाच आवाज झाला असेल. रंजूनं डोळे उघडले. आम्हाला दोघांना समोर पाहून ती धडपडून उठली, पदर सावरला. निकालाचं विचारायची तिची हिंमत झाली नाही. तिची नजर माझ्या मांडीवर गेली.

“आई,” ती म्हणाली, “ते खाड्यासाठी नाही ठेवायचं.”

“माहीत आहे मले,” मी म्हटलं. “धुऱ्याले लावू, चारी बाजूनं. तू पास झाली. आता झोप आणखी थोडी.”